परत आलेला हौदा: छोट्या वर्कशॉपमधली मोडतोड मोजायची कशी?

वेल्डिंगच्या सांध्याला तडा का आणि कधी जातो, हा माझ्या पीएचडीचा विषय. ऐकायला तो सगळा प्रयोगशाळेतला वाटतो. निम्मा आहेच तिथला: नमुना यंत्रात धरायचा, लाखो वेळा ओढायचा-सोडायचा आणि तुटेपर्यंत वाट बघायची. उरलेला निम्मा महाड-पोलादपूरच्या पट्ट्यातल्या छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये आहे. तिथे पिकअपचे हौदे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर आणि अधूनमधून एखादी वडापावची गाडी बनते. आज या दुसऱ्या निम्म्याबद्दल लिहितेय. कारण संशोधनाच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांना फील्डवर जायचं म्हणजे प्रश्नावली भरून आणायची असं वाटतं, आणि वर्कशॉपमध्ये प्रश्नावली पहिल्या दहा मिनिटांत निकामी होते. ‘वर्षाला किती हौदे मोडतात?’ या साध्या प्रश्नाला तिथे कुणाकडेच उत्तर नसतं. ते का नसतं आणि मग आपण काय करायचं, ते बघू.

आधी जागा समजून घ्या. महाड सावित्री आणि गांधारीच्या काठावर. मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला गेलं की पोलादपूर. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, कशेडी ओलांडली की खेड, आणि महाडहून वरंध घाटाने भोर. कशेडीला आता बोगदा झालाय, बाकी घाटांची वळणं आहेत तशीच आहेत. म्हणजे माणगावची दिशा सोडली तर इथली भरलेली गाडी कुठेही निघाली तरी तिला चढ, उतार आणि वळण चुकत नाही. त्यात पावसाळ्याचे चार महिने रस्त्याला खड्डे. चिरा, वाळू, सिमेंट, भाताची पोती, आंब्याच्या पेट्या, आणि कागदावर नसली तरी हौद्यात उभी असलेली माणसं. लग्नाचं वऱ्हाड किंवा कामावरचे मजूर असे जाताना तुम्हीही पाहिले असतील. म्हणून तडा हा माझ्यासाठी नुसता आलेखावरचा बिंदू राहत नाही.

वर्कशॉप म्हणजे एखादा गाळा, पुढे पत्र्याची शेड, एक मिस्त्री (बहुतेक वेळा तोच मालक), दोन-तीन हेल्पर. एक-दोन वेल्डिंग मशीन, कटर, ग्राइंडर, ड्रिल, टेप, गुण्या. पत्रा वाकवायचं मोठं मशीन सगळ्यांकडे नसतं, मग पत्रा बाहेरून वाकवून आणायचा. गाडी येते ती केबिन आणि मागे उघडी चासी अशी. चासीवर दोन लांब रनर, रनरवर आडवे चॅनेल, त्यावर तळाचा पत्रा, बाजूला आणि मागे फाळके. दिसायला लोखंडी पेटी. एवढ्या पेटीत संशोधनाला काय आहे, असं कुणालाही वाटेल.

चौकट ओढली जाते

पहिला रोजचा अडथळा म्हणजे उष्णता. गुण्या लावून, टेपने मोजून चौकट जुळवली, टॅक मारले, दोन्ही कर्ण सारखे आले. पूर्ण वेल्डिंग झालं आणि परत मोजलं, तर एक कर्ण काही मिलीमीटरने जास्त. वर्कशॉपच्या भाषेत ‘चौकट ओढली’. फाळक्याची बिजागरी मग बसत नाही, किंवा बसते पण फाळका अर्ध्यावर अडकतो.

याचं गणित वहीच्या एका कोपऱ्यात मावतं. एक मीटर लांब स्टील १०० अंशांनी तापलं की साधारण १.२ मिलीमीटर लांबतं. २५० मेगापास्कल ताकदीचं साधं स्टील मीटरमागे सव्वा मिलीमीटर ताणलं किंवा दाबलं की त्यापुढे ते मूळ लांबीला परत येत नाही. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. लांबायला जागाच न दिलेला तुकडा शेजारच्या भागापेक्षा जेमतेम शंभर अंश जास्त तापला तरी तो कायमचा दबून बसतो. वेल्डिंगमध्ये तर धातू वितळतो, म्हणजे १५०० अंशांच्या आसपास. तापताना शेजारचं थंड लोखंड त्याला लांबू देत नाही, आणि निवताना तो आखडायला लागला की सगळ्या चौकटीला आपल्याकडे खेचतो. जिथे चौकट खेचली जाऊ शकत नाही, तिथे ताण सांध्यातच अडकून राहतो. गाडी अजून शेडबाहेर पडलेली नसते, एक पोतंही चढलेलं नसतं, आणि सांध्याच्या आत स्टीलच्या मर्यादेइतका ताण आधीच बसलेला असतो.

मिस्त्री हे गणित मांडत नाहीत, पण त्यावरचा उपाय त्यांच्या हातात असतो. एक सांधा सलग ओढायचा नाही, चार बोटं इकडे, चार बोटं समोरच्या कोपऱ्यात, मग पुन्हा इकडे. कुठला कोपरा किती ओढतो हे माहीत असलेला मिस्त्री चौकट मुद्दाम थोडी उलटी जुळवतो, म्हणजे निवल्यावर ती सरळ येते. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं, ‘दादा, किती उलटी?’ ते म्हणाले, ‘पट्टी बघून.’ तुमच्या प्रश्नावलीत ‘पट्टी बघून’साठी रकाना नसतो, म्हणून प्रश्न विचारायच्या आधी टेप घेऊन बसा. जुळवताना किती होतं आणि निवल्यावर किती झालं, हे दोन आकडे मिळाले की ‘पट्टी बघून’ म्हणजे काय ते कळायला लागतं.

बाकीचे अडथळे थोडक्यात सांगते. व्होल्टेज पडलं की आर्क कमजोर होतो आणि वरून वेल्डिंग छान दिसलं तरी खाली धातू एकजीव झालेला नसतो. पावसाळ्यात रॉडवरचं आवरण ओल धरतं. साध्या ६०१३ रॉडला कोरडी पेटी पुरते, पेटीत बल्ब लावून ठेवला की काम भागतं. ७०१८ जातीचा ‘भारी’ रॉड वापरायचा तर तो भट्टीत ३०० अंशांच्या आसपास भाजून घ्यावा लागतो, आणि तिथे बल्ब उपयोगाचा नाही. गिऱ्हाईक अर्ध्या कामावर येऊन ‘फाळका अजून सहा इंच उंच करा’ म्हणतं. विसार मिळालेला असतो, उरलेले पैसे हंगामावर. लोखंडाचा दर मात्र हंगामासाठी थांबत नाही.

तडा कुठे जातो

आता मुख्य गोष्ट. एखादा हौदा काही महिन्यांनी परत येतो. ड्रायव्हरची तक्रार असते आवाजाची. मी असताना अशी एक पिकअप आली. केबिनच्या मागे, रनरच्या पुढच्या टोकाशी, आडव्या चॅनेलच्या सांध्यावर रंग फुटलेला होता. हेल्पर म्हणाला, ‘वेल्डिंग सुटलं.’ मिस्त्रींनी खाली वाकून बघितलं आणि मला म्हणाले, ‘वेल्डिंग सुटलेलं नाही ताई, त्याच्या कडेला फाटलंय.’

या एका वाक्यात पाठ्यपुस्तकाचं एक प्रकरण आहे. वेल्डिंगचा उंचवटा जिथे संपतो आणि साधं लोखंड सुरू होतं, ती कड सगळ्यात नाजूक. आकार तिथे एकदम बदलतो म्हणून ताण तिथे गोळा होतो. शिवाय त्या कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या, मिलीमीटरच्या दशांशात मोजाव्या अशा खाचा वेल्डिंग करतानाच पडलेल्या असतात. म्हणजे तडा सुरू व्हायची वाट बघावीच लागत नाही. सुरुवात झालेलीच असते, पुढे तो फक्त वाढत जातो. आणि तडा वाढण्याचा वेग स्टील किती ‘मजबूत’ आहे यावर फारसा ठरत नाही. त्यामुळे साध्या स्टीलऐवजी दुप्पट ताकदीचं स्टील आणलं तरी वेल्ड केलेल्या सांध्याचं थकव्याने तुटायचं आयुष्य जवळपास तेवढंच राहतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापखान्याची चूक वाटली होती. ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने १८५० आणि ६० च्या दशकांत आगगाडीच्या आसांवर प्रयोग केले, तेव्हापासून या थकव्याचा अभ्यास चालू आहे, तरी ही गोष्ट आजही बऱ्याच अभियंत्यांना खरी वाटत नाही.

ठरतं ते ताणाच्या चढउतारावर. वेल्ड सांध्यांसाठी ढोबळ नियम असा की आयुष्य ताणाच्या चढउताराच्या घनाने कमी होतं. चढउतार दुप्पट झाला तर आयुष्य एक अष्टमांश. तो फक्त पंचवीस टक्क्यांनी वाढला तर १.२५ चा घन करून बघा, १.९५ येतो. म्हणजे आयुष्य निम्मं. ‘थोडं जास्त भरलं तर काय होतंय’ याला इतकं थेट उत्तर देणारा दुसरा आकडा मला माहीत नाही.

वर्कशॉपचा नेहमीचा उपाय असतो जाडी वाढवणं. समजा तळ २.६ मीटर लांब, १.७ मीटर रुंद, आणि चारही बाजूंचे फाळके ४५ सेंटिमीटर उंच. सगळा मिळून पत्रा होतो ८.३ चौरस मीटरच्या आसपास. स्टीलचा एक मिलीमीटर जाड, एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलोचा. म्हणजे दोनऐवजी तीन मिलीमीटर वापरला की गाडीवर साधारण ६५ किलो वाढले. एक माणूस कायमचा हौद्यात उभा केल्यासारखंच.

पण वजनापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की चासी पिळवटते. ती पिळवटावी अशीच बनवलेली असते. वर बसवलेला हौदा थोडा सोबत पिळवटला तर ठीक. तो जाड आणि ताठ केला तर सगळा पीळ चासी आणि हौदा एकमेकांना धरतात त्या टोकावर जमा होतो, म्हणजे केबिनच्या मागे पहिल्या यू-बोल्टजवळ. मोठ्या कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांना ज्या सूचना देतात त्यांत म्हणूनच लिहिलेलं असतं: रनरचं पुढचं टोक निमुळतं करा, चासीच्या वरच्या-खालच्या पाकळीवर वेल्डिंग करू नका, तिथे भोकं पाडू नका. रनर आणि चासीच्या मध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी घालायची पद्धतही त्याचसाठी. पट्टीने आवाज कमी होतो असं हेल्पर सांगतो, तेही खरंच. तड्यावर चौकोनी ठिगळ मारलं की पुढचा तडा ठिगळाच्या टोकाशी निघतो, याचं कारणही तेच: ताठपणा एकदम बदलला.

वेल्डिंगची कड ग्राइंडरने घासून गुळगुळीत केली तर आयुष्य वाढतं, हे आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये आहे. वाढ साधारण दुपटीची धरली जाते. पण त्या शिफारशी सहा मिलीमीटर आणि त्याहून जाड लोखंडासाठी आहेत. आपल्या पिकअपच्या हौद्यात तीन-चार मिलीमीटरचा माल असतो, व्होल्टेज पडत असताना जोडलेला. तिथे किती वाढ होते? माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण या प्रश्नावर उभं आहे, आणि तो प्रश्न मला ग्रंथालयात सुचला नसता.

ग्राइंडरच्या आधी पोहोचा

फील्डवर जाणाऱ्यांसाठी एक अगदी साधी गोष्ट. तुटलेल्या पृष्ठभागावर सगळी हकिकत लिहिलेली असते. जुना भाग गंजून तांबूस-काळपट, घासला गेल्याने गुळगुळीत, कधी कधी समुद्राच्या ओहोटीने वाळूवर सोडाव्या तशा वळकट्या असलेला. शेवटी एकदम तुटलेला भाग चकचकीत आणि दाणेदार. जुना भाग मोठा आणि चकचकीत भाग चिमूटभर असेल तर सांधा हळूहळू, कमी ताणावर थकत गेला. सगळाच दाणेदार असेल तर एका दणक्यात गेला, किंवा आतून जुळलेलाच नव्हता. दोन्हींचे उपाय वेगळे.

पण गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याला संध्याकाळी भाडं असतं. मिस्त्री पहिलं काम करतात ते तडा ग्राइंडरने उकरायचं. आणि ते बरोबरच आहे, उकरल्याशिवाय वरून वेल्डिंग मारलं तर तडा आतच राहतो. तुमचा पुरावा मात्र पाच मिनिटांत ठिणग्या होऊन उडून जातो. त्यामुळे आधीच बोलून ठेवायचं: उकरायच्या आधी एक फोटो, शेजारी पट्टी ठेवून, आणि शक्य असेल तर तुटका तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा. पृष्ठभागावर बोट फिरवू नका, आणि दोन्ही तुकडे ‘बसतात का’ म्हणून एकमेकांवर घासू तर अजिबात नका.

मग मोजायचं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वर्षाला किती हौदे मोडतात?

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा जिथे नाहीत तिथे चिलखत लावा, असा अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाच्या कामाचा सारांश सांगितला जातो, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नव्हती. वर्कशॉपमध्ये उलटं होतं. इथे परत येतात ते फक्त मोडलेले. न मोडलेला हौदा बिचारा घाटात भाडी मारत असतो, तो कशाला येईल? आठवडाभर वर्कशॉपमध्ये बसलात तर तुम्हाला वाटेल की सगळंच मोडतं.

त्यात मोडलेलेही सगळे परत येत नाहीत. काही ड्रायव्हर खेडला किंवा भोरला जिथे तडा दिसला तिथेच वेल्डिंग मारून घेतात. काही रागावून दुसऱ्या मिस्त्रीकडे जातात. काहींनी गाडीच विकलेली असते. काही तडे रंगाच्या आणि लांबीच्या (पुट्टीचं जे लिंपण कलरवाला भरतो ते) खाली झाकलेले असतात आणि कुणाला माहीतच नसतात. म्हणून ‘मोडणं’ म्हणजे काय, हे आधी ठरवून लिहून ठेवा. केसाएवढा तडा? बोटभर? की फाळका लागत नाही तेव्हा?

समजा दहा हौद्यांची यादी तुमच्याकडे आहे, बनवून दिल्याच्या तारखांसकट. एकाला सहाव्या महिन्यात तडा गेला, एकाला बाराव्या, एकाला अठराव्या. तीन गाड्या पंधराव्या महिन्यात परजिल्ह्यात विकल्या गेल्या, तोवर शाबूत होत्या. उरलेले चार हौदे दोन वर्षांनंतरही धड आहेत. आता आयुष्य किती? फक्त मोडलेल्यांची सरासरी काढली तर बारा महिने, आणि हा आकडा मिस्त्रींची बदनामी करणारा आणि चुकीचा आहे. विकलेल्या गाड्या यादीतून काढून टाकल्या तर दोन वर्षं टिकणारे सातातले चार, ५७ टक्के. विकलेल्या दोन्ही वर्षं टिकल्या असं धरलं तर दहातले सात, ७० टक्के. दोन्हींत आपण तीन गाड्यांबद्दल माहीत नसलेलं काहीतरी गृहीत धरतोय.

१९५८ मध्ये कॅप्लन आणि मायर यांनी यावर रीत सांगितली. ती आज औषधांच्या चाचण्यांमध्ये सर्रास वापरतात. प्रत्येक गाडी जितके महिने तुमच्या नजरेत होती तितके महिने तिला मोजा. सहाव्या महिन्यात दहातले नऊ टिकले, बाराव्यात त्या नऊतले आठ. इथपर्यंत ८० टक्के. पंधराव्या महिन्यात तीन गाड्या नजरेआड झाल्या, उरल्या पाच. अठराव्यात पाचातले चार टिकले, म्हणून ८० टक्क्यांचे चार पंचमांश: ६४ टक्के. विकलेल्या गाड्यांनी पंधरा महिन्यांची साक्ष दिली, पुढची त्यांच्याकडून आपण मागितली नाही. अजून न मोडलेला हौदा हीसुद्धा माहितीच आहे, आणि ती गोळा करायला वर्कशॉपच्या बाहेर पडून बाजारात, चिऱ्याच्या डेपोवर, टेंपो उभे राहतात तिथे जावं लागतं. माझे निम्मे फोटो अशा ठिकाणी गाडीखाली वाकून काढलेले आहेत.

या रितीला एक अट आहे. नजरेआड झालेल्या गाड्या बाकीच्यांसारख्याच असायला हव्यात. इथे महाडचा पूर आठवतो. २२ जुलै २०२१. सावित्री उगम पावते त्या महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलीमीटर पाऊस झाला, महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली आणि महाड शहर पाण्याखाली गेलं. त्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीनची वायंडिंग गेली, रॉडचे बॉक्स लगदा झाले, आणि कपाटातली जुनी बिलबुकं चिखलात गेली. म्हणजे त्याआधी कुणाला कधी हौदा दिला याची नोंदच संपली. माझ्या ओळखीतल्या एकाने हे ऐकून सांगितलं, ‘मग त्या वर्षांवर काम करूच नकोस.’

मला तसं वाटत नाही. पुराने बिलं नेली तेव्हा चांगला हौदा कुठला आणि वाईट कुठला हे बघितलं नाही. नमुना लहान झाला, पण एका बाजूला झुकला नाही. उरलेल्या नोंदी, ड्रायव्हरांच्या आरसी बुकावरच्या तारखा, मोबाइलमधले जुने फोटो यांतून जे हाती येतं ते प्रामाणिक आहे. रागावून दुसऱ्याकडे गेलेलं गिऱ्हाईक मात्र नेमकं मोडलेल्या हौद्याची माहिती घेऊन जातं. असे मोजके चार जण पुरात गेलेल्या चाळीस बिलांपेक्षा निष्कर्ष जास्त बिघडवू शकतात. माहिती किती हरवली याच्याआधी ती कशामुळे हरवली हे विचारा.

कागद आणि माणसं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे. नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीशिवाय फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रकच्या बॉडीसाठी एआयएस-०९३ आणि बससाठी एआयएस-०५२ अशी मानकं आहेत. पुण्यात १९६६ पासून असलेल्या एआरएआयसारख्या संस्था तपासणी करतात. मंजूर मापापेक्षा हौदा लांब किंवा उंच निघाला तर पेणच्या आरटीओतून गाडी पासिंगविना परत, आणि महाडहून पेण शंभरेक किलोमीटर.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार आठवत असतील. त्यांनी साठेक हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी घरी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ गाजला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात, ती नियमात बसत नसल्याने कधी ना कधी थांबवली जाईल असंही म्हटलं. महिनाभरात त्या गाडीच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. ती गोष्ट गोड झाली. रोज हौदे बनवणाऱ्या मिस्त्रीची अडचण मात्र तशीच आहे: तडा वेल्डिंगच्या कडेला जातो हे त्याला माहीत आहे, ते दाखवणारा कागद त्याच्याकडे नाही. तपासणीचा खर्च एका वर्कशॉपच्या आवाक्यातला नाही. आपल्यासारख्यांनी मोजलेले आकडे त्याला कामाला येऊ शकतात, आणि नीट सांभाळले नाहीत तर त्याच्याविरुद्धही जाऊ शकतात. म्हणून वर्कशॉपचं नाव, गाडीचा नंबर, ओळख पटेल असा फोटो छापायचा नाही. तोंडी परवानगी पुरे असं समजू नका. मराठीत लिहिलेला एक पानाचा कागद द्या, वाचून दाखवा, आणि ‘कधीही नाही म्हणू शकता’ हे वाक्य त्यात ठेवा.

बिलबुकं गेल्यापासून त्या वर्कशॉपमध्ये नोंद ठेवायची कशी यावर आमची बरीच चर्चा झाली. वही पुन्हा भिजेल, मोबाइल बदलेल. मी सुचवलं की प्रत्येक हौद्यावर तारीख आणि क्रमांक वेल्डिंगच्या रॉडनेच काढावा, रनरवर, म्हणजे रंग उडाला तरी राहील. मिस्त्री हसले. म्हणाले, ‘रनरवर नको ताई, तुमच्या आकड्यापासूनच तडा निघेल.’ आता क्रमांक केबिनच्या मागच्या फाळक्यावर आतल्या बाजूने असतो, जिथे भार येत नाही. सध्या अकरा हौद्यांवर आहे.